खालून टाकलेला बॉल

वर्ध्याजवळच्या आंजी मोठी गावच्या शाळेत बेसबॉल आला तो खेळाच्या हौसेनं नव्हे, मार्कांच्या हौसेनं. राज्य पातळीवर खेळलेल्या पोरांना दहावीत वाढीव गुण मिळतात, आणि कबड्डीत राज्यापर्यंत पोचायचं तर अर्धा महाराष्ट्र आडवा करावा लागतो, हे शारीरिक शिक्षणाच्या प्रभाकर सरांनी बरोबर हेरलं होतं. बेसबॉलचं तसं नव्हतं. जिल्ह्यात मोजून चार टीम. दोन सामने जिंकले की विभाग, आणखी दोन जिंकले की राज्य. सरांनी वर्ध्याहून एक बॅट, सहा बॉल आणि कुणीकुणी वापरून टाकलेले नऊ ग्लव्ह आणले आणि पोरांना उन्हात उभं केलं.

नववीतल्या नयन उमाटेनं पहिला बॉल फेकला, तो सरांच्या मोटारसायकलचा आरसा घेऊन गेला. दुसरा शाळेच्या भिंतीपलीकडे. तिसरा बॅट धरून उभ्या असलेल्या पोराच्या पाठीत. पण तिन्ही बॉल असे सणाणत गेले की सर आरशाचं दुःख विसरले.

"अबे, तू मंजुषाचा भाऊ ना?"

"हाव सर."

"तरीच. हात तोच हाय. डोळे कुठं ठेवले तेवढं पाहा लागन."

मंजुषा नयनपेक्षा चार वर्षांनी मोठी. ती सॉफ्टबॉल खेळायची. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलची मावसबहीण: बॉल जरा मोठा, मैदान जरा लहान, आणि बॉल टाकायचा तो खालून, कमरेजवळून. मंजुषाचा बॉल जमिनीला घासून निघाल्यासारखा यायचा आणि बॅटपाशी आला की कुणी हाक मारल्यासारखा वर उठायचा. वर्ध्याच्या कॉलेजात असताना ती विद्यापीठाकडून दोनदा राष्ट्रीय स्पर्धा खेळून आली. अमरावतीच्या एका सामन्यात तिनं लागोपाठ नऊ जणींना बॅटला बॉलसुद्धा लागू न देता परत पाठवलं, तेव्हा प्रभाकर सरांनी आंजीच्या चौकात आलुबोंडे वाटले होते.

मग एका जूनमध्ये मंजुषानं खेळ सोडला. सोडला म्हणजे काय, परीक्षा झाली, घरी आली, ग्लव्ह गोठ्यातल्या खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या दिवशी आईसोबत वांगी तोडायला गेली. पुढं दहावीच्या टक्क्यांवर केळझरच्या डाकघरात ग्रामीण डाकसेवक म्हणून लागली आणि दोन वर्षांनी त्याच गावच्या धनंजयशी तिचं लग्न झालं. सगळं कसं रीतसर. विचारण्यासारखं त्यात कुणालाच काही वाटलं नाही. नयनला तर नाहीच. त्याला खुंटीवरचा तो ग्लव्ह पाहिजे होता.

त्याचा मात्र खेळ सुटला नाही. डोळे कुठं ठेवायचे ते त्याला दोन वर्षांत कळलं. सकाळी बाप डोमाजीसोबत वांगी, ढेमसं, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन वर्ध्याच्या बाजारात, दुपारी कॉलेज, संध्याकाळी मैदान. राज्य झालं, राष्ट्रीय झालं, कॉलेज संपलं, एका शाळेत तासिकेवर खेळाचा मास्तर म्हणून लागून झालं. गावात लोक विचारायचे, "काय रे, ते दांडूचं चालू हाय का अजून?" आणि तो म्हणायचा, "दांडू दुसरा धरते भाऊ, मी फेकतो." हा फरक आंजीत फारसा कुणाला पटला नाही.

अशात आखाती देशातल्या एका शहरात नवी बेसबॉल लीग निघाली. जगभरचे खेळाडू घेणार होते आणि काही जागा भारतातल्या पोरांसाठी ठेवल्या होत्या. पुण्याजवळ निवड चाचणी होती. तीनशे पिचर, म्हणजे बॉल फेकणारे, रांगेत उभे होते. नयनचा नंबर आला तेव्हा वेग मोजणाऱ्या यंत्रानं ताशी एकशे एकेचाळीस किलोमीटर दाखवले. यंत्रामागच्या गोऱ्या माणसानं ते यंत्र झटकून पाहिलं आणि बोटानंच खूण केली, पुन्हा. पुन्हा एकशे एकेचाळीस.

महिन्याभरात करार आला. वर्धा जिल्ह्यातून बेसबॉल खेळायचा पगार घेणारा तो पहिला माणूस. देशातच असे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते.

"टीमचं नाव काय म्हनतं?" डोमाजीनं विचारलं.

"सँड कॅट्स, बावा."

"म्हंजे?"

"वाळूतले मांजरं."

डोमाजीनं गोठ्याच्या दारात पसरलेल्या मांजराकडे पाहिलं. "मांजरासाठी इतक्या दूर जाऊन राह्यला काय तू?"

शहर दुबई नव्हतं, पण आंजीनं त्याला दुबईच करून टाकलं. आई रुख्माबाईनं बॅगेत तिखट, शेवया आणि वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचे चार डबे भरले. मंजुषा निरोप द्यायला वर्ध्याच्या स्टेशनवर आली होती. गाडी हलली तसं तिनं एवढंच सांगितलं, "कोपर खाली नको पडू देजो. थकला की तुहं कोपर खाली येते."

"हाव ना ताई," नयन म्हणाला आणि गाडी पुलगावला पोचायच्या आत विसरून गेला.

तिकडं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला समजलं की एकशे एकेचाळीस म्हणजे फार काही नव्हे. तिथं एकशे पन्नासवाले रांगेनं बसलेले होते. टीमचा कोच वॉल्ट नावाचा म्हातारा अमेरिकन; त्याच्या गुडघ्यांचा आवाज तो येण्याआधी यायचा. बॅटरमागं बसून बॉल झेलणारा कॅचर रामिरो डोमिनिकन रिपब्लिकचा, वय अडतीस, वीस वर्षं जगभर खेळून आलेला. त्यानं गोरसपाकाचा एक आख्खा डबा एकट्यानं संपवला आणि त्या दिवसापासून नयनला 'बिस्किट' म्हणायला लागला. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे त्यांचं चांगलं जमलं.

पहिले सहा सामने नयननं बाकावर बसून पाहिले. सातव्यात त्याला आत पाठवलं. बॅटरच्या आवाक्याबाहेर चार बॉल गेले की तो फुकटात पहिल्या बेसवर जातो. नयननं दोघांना तसं फुकटात पाठवलं, तिसऱ्याच्या बरगडीत बॉल घातला. बेस भरले, तसा रामिरो मुखवटा वर करून त्याच्याकडे आला.

"बिस्किट, घरी कोण बघतंय?"

"सगळं गाव."

"मग त्यांना वाटू दे की तू मुद्दाम करतोयस. तब्येतीत टाक."

नयन हसला, आणि हसताना खांदा सैल झाला. पुढचे तिघं लागोपाठ बाद. आंजीच्या शाळेत मोबाईलभोवती जमलेल्या मंडळींपैकी निम्म्यांना काय झालं ते कळलं नाही, पण प्रभाकर सर उडी मारून उठले म्हणून तेही उठले.

त्या हंगामात तो अकरा इनिंग टाकू शकला. डिसेंबरच्या सुरवातीच्या सामन्यात, दमलेला असताना, वॉल्टनं विचारलं, "अजून एक होईल?" नयन म्हणाला, "होईल." दुसऱ्याच बॉलला कोपरात कापड फाटावं तसं काहीतरी झालं. बॉल दहा हातांवर जाऊन पडला आणि गोल गोल फिरत राहिला. 

डॉक्टरांनी कोपरातला बंध अर्धवट फाटल्याचं सांगितलं. ऑपरेशन केलं तर दीड वर्ष जाणार, तरी वेग परत येईल याची खात्री नाही. नाही केलं तर रोजची कामं होतील. खांद्यावरून ताकदीनं बॉल फेकणं मात्र विसरा.

वॉल्ट विमानतळावर सोडायला आला. "ऑक्टोबरच्या शिबिरापर्यंत तुझं नाव यादीत ठेवतो," तो म्हणाला. दोघांनाही माहीत होतं की ही बोलायची गोष्ट आहे.

आंजीत नयन परत आला तो पट्ट्यात हात अडकवून. लोक भले होते. कुणी शेकायला सांगितलं, कुणी मोहाचं तेल आणून दिलं.  डोमाजी वांग्यांचे क्रेट उचलायची वेळ आली की पोराच्या आधी जाऊन उचलायचा. नयनला तेच जास्त लागायचं. तीन महिन्यांनी पट्टा निघाला, तरी तो मैदानाकडे फिरकला नाही. सामन्याच्या चित्रफिती पाहायचा नाही. शाळेतल्या पोरांनी बोलावलं तर म्हणायचा, "काम हाय रे," आणि बांधावर जाऊन बसायचा.

होळीच्या आधीच्या रविवारी मंजुषा माहेरी आली. धनंजय सोबत होता. जेवणं झाली. नयन ताटावरून उठला तसा थेट मागच्या दारानं शेताकडे निघाला. मंजुषा त्याच्या मागं गेली.

"किती दिवस असा तोंड पाडून बसशीन?"

"मंग काय नाचू? हात गेला माहा."

"हात कुठं गेला? लटकून तं राह्यला." तिनं त्याचं कोपर धरलं, हळूच वाकवलं, सरळ केलं. "वर नेल्यावर दुखते?"

"हाव."

"खाली सोडल्यावर?"

"नाई."

"मंग वरून नाई होत तं खालून फेक."

नयननं हात ओढून घेतला. "ते पोट्टींचं हाय ताई. सॉफ्टबॉलमंदी चालते ते."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला कळलं की चूक झाली.  मंजुषा गोठ्यात गेली, बॅट आणि तीन बॉल घेऊन आली, ओढणी कमरेला खोचली आणि बॅट त्याच्या हातात दिली.

"हाताले झटका नको देऊ. फक्त लावून दाखव."

नयन कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगासमोर उभा राहिला. मंजुषा पावलं मोजत मागं गेली, एकदा बॉल बोटांत फिरवून पाहिला, गुडघ्यात वाकली आणि हात मागून पुढं आला. बॉल गुडघ्याएवढा येताना दिसत होता. नयननं बॅट खाली आणली. बॉल वरून निघून गेला आणि धप्पकन कुटारात रुतला.

"एक," धनंजय मागून म्हणाला. त्याला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या बॉलला नयननं बॅट वर धरली. तो खालून गेला. तिसऱ्या वेळी त्यानं ठरवलं की हलायचंच नाही, आणि बॉल बरोबर मधून गेला.

"तीन हुकले. आउट," धनंजय म्हणाला.

मंजुषाला धाप लागली होती. "आठ वर्ष झाले, बॉल हातात धरला नाई मी," ती म्हणाली. "आता सांग पोट्टींचं हाय म्हनून."

त्या दुपारी नयननं मोबाईलवर बेसबॉलच्या नियमांचं आख्खं पुस्तक उघडलं. पाय कुठं ठेवायचा ते होतं, थांबायचं कधी ते होतं, बॉलला थुंकी लावायची नाही हेसुद्धा होतं. पण हात खांद्यावरूनच आला पाहिजे असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग बहिणीला फोन केला. ती तोवर एसटीत बसलेली होती.

"उद्या येऊ काय केळझरले?"

"डाक वाटून झाल्यावर येजो," मंजुषा म्हणाली.

वर्ध्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी कोपर तपासून होकार दिला आणि केळझरचं येणंजाणं सुरू झालं. मंजुषाच्या घरामागं रिकामी जागा होती, एका टोकाला कडुनिंब. धनंजय शेजाऱ्याकडून आणलेलं मोटारसायकलचं हेल्मेट घालून कॅचर व्हायचा. मंजुषाची सासू सखूबाई निंबाखाली बाज टाकून तूर निवडत बसायची. तिला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ग्लव्हमध्ये बॉल बसल्याचा आवाज ऐकून ती सुनेचा कुठला आणि पाहुण्याचा कुठला ते न बघता सांगायची.

"हा फुसका," ती म्हणायची. नयनचा असायचा. "हा बरोबर." मंजुषाचा.

"हातानं नको फेकू," मंजुषा त्याला सांगायची. "पायानं फेक. हात फक्त सोबत येते. मनगट मांडीपाशी आलं की सोड. त्याच्या आधी सोडलं तं खड्ड्यात, नंतर सोडलं तं आभायात."

पहिला महिना सगळं आभाळातच गेलं. दोनदा शेजाऱ्याच्या टिनावर. वाकून टाकताना नयनची बोटं जमिनीला घासून सोलवटली. धनंजयचं करंगळीचं हाड दुखावलं आणि तो पंधरा दिवस डाव्या हातानं जेवला. बेसबॉल सॉफ्टबॉलपेक्षा लहान, म्हणून मंजुषालाही तो नव्यानं पकडून पाहावा लागला; शिवण कुठल्या बोटाखाली घेतली की किती उठतो, हे दोघं मिळून शोधत राहिले. कधी कधी ती इतकी रमायची की शिकवायचं विसरून स्वतःच वीस-पंचवीस बॉल टाकत सुटायची, आणि नयन नुसता बघत उभा राहायचा. आपण हिचा खेळ कधी नीट पाहिलाच नव्हता, असं त्याला तेव्हा वाटायचं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी नयननं बॉल टाकला, तो धनंजयच्या ग्लव्हमध्ये खाडकन बसला, आणि सखूबाई सूप थांबवून म्हणाली, "हा सूनबाईचा."

"नाई मामीजी," मंजुषा म्हणाली. "हा त्याचा."

ऑक्टोबरात तो शिबिराला गेला तेव्हा टीमच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात खाली होतं, आणि पुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. वॉल्टनं हात हातात घेतला, घरच्यांची चौकशी केली, आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बरं, दाखव काय ते."

रामिरो बसला. नयन वाकला आणि खालून बॉल टाकला. मैदानावर कुणीतरी खदखदून हसलं. ते हसू संपायच्या आत बॉल उठला आणि रामिरोच्या मुखवट्यावर ठण्णकन आपटला. वीस वर्षांचा कॅचर मागच्या मागं बुडावर बसला.

"बिस्किट!" तो ओरडला. "हे काय होतं?"

पुढच्या दहा बॉलांत टीमच्या तीन चांगल्या बॅटरना एकच बॉल लागला, तोही बॅटच्या कडेला. वॉल्ट गुडघे वाजवत जवळ आला. त्याचे डोळे चमकत होते.

"माझ्या देशात दीडशे वर्षांपूर्वी सगळे पिचर खालूनच टाकायचे," तो म्हणाला. "वरून टाकायला मनाई होती. मग नियम बदलला, वेग आला आणि सगळे हे विसरून गेले. मला वाटलं नव्हतं की जिवंतपणी असा कुणी बघायला मिळेल. कुणी शिकवलं?"

"बहिणीनं."

"ती कुठं खेळते?"

 "ती पोस्टात आहे," तो म्हणाला.

हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात, दोन धावांची आघाडी असताना, वॉल्टनं त्याला आत पाठवलं. पहिला बॉल पडला आणि समोरच्या टीमचा कोच मैदानात धावत आला. हा काय तमाशा आहे, हे बेसबॉल आहे की मुलींचा खेळ, असं तो पंचांना विचारत होता. चार पंच एकत्र आले. नियमांचं पुस्तक मागवलं गेलं. बारा मिनिटं खेळ बंद. आंजीत प्रभाकर सर मोबाईलवर ओरडत होते, "अबे, पान उलटव! सहावा नियम पाह्य, सहावा!" नयन मात्र मैदानाच्या मधोमध शांत उभा होता. ते पुस्तक त्याला तोंडपाठ होतं.

मुख्य पंचानं शेवटी पुस्तक मिटलं आणि हात पुढं केला: खेळा.

समोरचा बॅटर सहा फूट चार इंचाचा. पहिल्या बॉलला त्यानं हवा कापली. दुसऱ्याला बॅट अशी फिरवली की स्वतःभोवती वळला. तिसरा बॉल येताना त्यानं गुडघ्यात वाकून वाट पाहिली, आणि बॉल त्याच्या छातीशी निघून गेला. पंचानं मूठ वळवली. आउट. तो बाकाकडे जाताना मागं वळून बघत होता. रागानं नव्हे, आपलं काहीतरी सांडलंय का म्हणून बघावं तसा.

दोन इनिंग, सहा बाद, एकही धाव नाही. सामन्यानंतर निवेदिका माईक घेऊन आली. "या बॉलला काय नाव आहे?"

नाव काही ठरलेलं नव्हतं. नयनच्या तोंडून निघून गेलं, "मंजुषा."

दुसऱ्या दिवसापासून समालोचक 'मान्जूशा' म्हणायला लागले. "मान्जूशा आला! बॅटर गेला!" असं ते ओरडायचे. प्रेक्षकांत पाट्या दिसायला लागल्या. केळझरच्या डाकघरात मनीऑर्डरी घ्यायला येणारे म्हातारेसुद्धा खिडकीतून वाकून विचारायचे, "तुह्या नावाचा बॉल निंघाला म्हन्तेत, खरं काय व?"

त्या रविवारी नयननं हौसेनं फोन लावला. मंजुषाचा आवाज जरा वेगळाच होता.

"माहं नाव काऊन घेतलं?"

"तुहाच बॉल हाय तो. मंग कोनाचं घेऊ?"

 मागं सखूबाईंचं कुणाशी तरी बोलणं ऐकू येत होतं. "मी खेळ सोडला तवा मले कोनी विचारलं नाई, काऊन सोडला म्हनून," ती म्हणाली. "बावानं नाई, सरनं नाई. तूबी नाई. दुसऱ्या दिवशी माहा ग्लव्ह घेऊन मैदानावर गेलता तू."

 तेव्हा नयन सोळा वर्षांचा होता हे खरं, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

"काऊन सोडला होता ताई?" त्यानं आत्ता विचारलं.

"पुढं काही नवतंच ना रे. राष्ट्रीय खेळली, आता काय? अजून एकडाव राष्ट्रीय. मंग? तुह्यासाठी निदान ते मांजरं तं निंघाले." ती हसली, पण पुरतं नाही. "एखाद्यानं थांब म्हटलं असतं ना, तं अजून दोन वर्ष खेळली असती मी. उगाच. मजेसाठी."

नयननं फोन ठेवला. मग उठला आणि थेट वॉल्टकडे गेला. इंग्रजी कमी पडत होतं तिथं हातांनी सांगितलं: मी जे टाकतो ते तिच्या बॉलाच्या निम्मं आहे. उरलेलं निम्मं अजून तिच्याकडेच आहे. तुम्हाला पाहिजे असेल तर तिला बोलवा.

वॉल्टनं ऐकून घेतलं. "मी ऑक्टोबरात पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ती कुठं खेळते," तो म्हणाला. "तू पोस्ट म्हणालास. मला वाटलं ते एखाद्या क्लबचं नाव आहे."

पुढच्या हंगामाआधी मंजुषाच्या नावानं पत्र आलं: महिनाभराच्या शिबिरासाठी पिचिंग शिकवायला या. ते केळझरच्याच डाकघरात आलं आणि तिनं स्वतःच्याच सहीनं स्वतःला दिलं. घरी मात्र तिनं ते दोन दिवस पर्समध्येच ठेवलं. तिसऱ्या दिवशी जेवताना सांगितलं, ते असं, जसं काही ती नकार कळवूनच आली आहे.

"महिनाभर कसं जमन? डाक कोन पाहीन?"

ग्रामीण डाकसेवकाला रजेवर जायचं तर आपल्या जागी माणूस द्यावा लागतो. सखूबाईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि पोराकडे बोट केलं. "ह्याले बसव. दोन साल झाले, बॉल धरून राह्यला तुहे. कागदं धरन तं काय बिघडन?"

"माय, मले सायकल दम आणते," धनंजय म्हणाला.

"मंग पायी वाट."

अशी मंजुषा निघाली. पासपोर्ट नवा, ट्रॅकसूट नवा, टोपी नयननं पाठवलेली. पहिल्या सकाळी मैदानावर आठ पिचर ओळीनं उभे होते. त्यातला सगळ्यात उंच तिच्यापेक्षा दीड फूट वर होता. नयन दुभाष्या म्हणून बाजूला उभा. तिनं काही भाषण केलं नाही. बॉल घेतला, पावलं मोजली, वाकली आणि टाकला. रामिरोनं तो झेलला, ग्लव्ह उघडून आत पाहिलं आणि नयनकडे वळून म्हणाला, "बिस्किट, तू खरंच निम्मंच टाकत होतास."

मग तिनं त्या उंच पिचरला बोलावलं. त्यानं टाकलेला बॉल सरळ मागच्या जाळीत गेला.

"सांग त्याले, हातानं नको, पायानं," मंजुषा म्हणाली.

नयननं सांगितलं. तो पुन्हा टाकायला लागला. पुन्हा जाळी.

"गुडघा वाकवाले सांग. लाज वाटते काय त्याले वाकाची?"

हे नयननं जरा सौम्य करून सांगितलं. पोरगा हसला, वाकला, आणि अकराव्या की बाराव्या वेळी बॉल रामिरोच्या छातीपाशी एकदम उठला. तो एवढा खूश झाला की त्यानं मंजुषाला उचलायला दोन्ही हात पुढं केले, आणि तिनं हात जोडून त्याला दोन पावलं मागं सारलं.

नयन त्या हंगामात पन्नास इनिंगच्या वर खेळला. त्याच्या पुढच्या हंगामात थोडा कमी, कारण बॅटर आता खालून येणारा बॉल ओळखायला शिकले होते आणि टीममध्येच तसा टाकणारे तिघं झाले होते. त्याची त्याला खंत नव्हती. कोपर साथ देत होतं. पावसाळ्यात तो आंजीत असायचा, वांगी तोडायचा, आणि क्रेट उचलताना बाप आता मध्ये यायचा नाही.

पहिलं शिबिर संपलं त्या दिवशी वॉल्टनं मंजुषाला विचारलं होतं, पुढच्या वर्षी येणार ना. मैदानावर पाणी मारणं चालू होतं. ओल्या मातीवर बॉल ठेवून ती हात पुसत होती. भावानं प्रश्न समजावून सांगितला, तसा तिनं नीट विचार केला.

"सांग त्याले," ती म्हणाली, "वर्ध्याच्या डाक अधीक्षकाले अर्ज करा लागन. दोन महिने आधी. अन् बदली मानूस धनंजय नाई, दुसरा पाहीन मी. त्यानं अर्ध्या गावाची डाक उलटी वाटली."

नयननं सगळं इंग्रजीत सांगितलं. वॉल्टनं खिशातून वही काढली आणि 'दोन महिने आधी' एवढं लिहून घेतलं.